नेड मेरिल वेडा नाही, थकबाकीदार आहे

‘द स्विमर’ हा १९६८ सालचा चित्रपट पाहून झाला की बोलणं हमखास एकाच प्रश्नावर येऊन अडकतं: नेड मेरिलला नेमकं झालंय काय? उन्हाळ्यातला रविवार, कनेटिकटमधली श्रीमंत वस्ती. नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर एक धडधाकट, पन्नाशीचा माणूस झाडीतून अवतरतो, मित्राच्या तलावात सूर मारतो, आणि त्याच्या ध्यानात येतं की इथून आपल्या घरापर्यंत ओळीनं ओळखीच्यांचे तलाव आहेत. एकेक तलाव पोहत घरी जायचं तो ठरवतो, त्या वाटेला बायकोच्या नावावरून ‘लुसिंडा नदी’ असं नावही देऊन टाकतो. घर येतं ते कुलूपबंद आणि ओसाड. मग तर्क सुरू होतात. स्मृतिभ्रंश झालाय. इस्पितळातून पळालाय. सगळं स्वप्न आहे. छे, हा केव्हाच मेलाय. प्रत्येक पक्षाकडे पुराव्यांची चळत असते, आणि या सगळ्या खटाटोपात चित्रपट बाजूलाच राहतो. नेडला काय झालंय हे मुळात कोडंच नाही. चित्रपटातली माणसं ते त्याला तोंडावर सांगत असतात. पैसे संपलेत, देणी थकलीत, घर गेलंय. ‘द स्विमर’ हा मनोविकाराचा चित्रपट म्हणून पाहिला की तो धूसर होतो. उधारीचा चित्रपट म्हणून पाहिला की त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग जागच्या जागी बसतो.

समोरच्या पक्षाचा सर्वात भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. तो मूळ कथेतूनच येतो. जॉन चीव्हरची ही कथा जुलै १९६४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली. तीत निवेदक स्वतःच विचारतो की नेडची स्मरणशक्ती दगा देते आहे, की नकोशा गोष्टी दडपायची सवय त्यानं इतकी लावून घेतली की खऱ्याखोट्याची जाणीवच बिघडली? म्हणजे स्मृतीचा प्रश्न प्रेक्षकांनी पदरचा घातलेला नाही. शिवाय चित्रपटानं एक बदल केला आहे, त्यानं स्वप्नवाद्यांचं बळ वाढतं. कथेत नेड सुरुवातीपासून मित्रांमध्ये बसलेला आहे, एक हात पाण्यात आणि दुसऱ्या हातात जिनचा पेला. चित्रपटात तो कुठून आला तेच कळत नाही. पण त्या प्रश्नाचा उत्तरार्ध पुन्हा वाचा. चीव्हर तिथे सवयीबद्दल बोलतो आहे, सरावानं अंगी बाणवलेल्या विसरण्याबद्दल. आणि हा सराव एकट्यानं होतो का? चित्रपटाच्या सुरुवातीच्या तलावांवर नेडची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ‘काय रे, किती दिवसांनी!’ म्हणून त्याच्या हातात पेला दिला जातो. कुणी आदल्या रात्रीच्या पिण्याबद्दल कुरकुरतो, एक यजमान आपल्या नव्या फिल्टरची फुशारकी मारतो. विसरायला साऱ्या आळीची मदत मिळते आहे. अशा विसरण्याला आजार म्हटलं की ती आळी सुटते.

आता नेडचं हे सोंग खोटं पडण्याचा क्रम पाहा. जुने, मुरलेले श्रीमंत आडवळणानं बोलतात. कथेतल्या श्रीमती हॅलोरन ‘तुमच्यावर जे ओढवलं ते ऐकून वाईट वाटलं’ म्हणतात आणि घर विकल्याचा ओझरता उल्लेख करतात. नेड म्हणतो, घर? कुठे विकलं? पुढे बिस्वँगर भेटतात. हे नवश्रीमंत, ज्यांची आमंत्रणं मेरिल मंडळी वर्षानुवर्षं झिडकारत आली. तिथे त्याच्या पाठीमागे एक वाक्य कानावर येतं, आणि सबंध कथेत त्याच्या तोडीचं वाक्य नाही: रातोरात बुडाले, नुसती कमाईच होती ना! आणि मग, एका रविवारी पिऊन आला नि पाच हजार डॉलर उसने मागितले. त्या वर्षी मधल्या अमेरिकन कुटुंबाची वर्षाची कमाई साडेसहा हजार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे मागणं काही किरकोळ नव्हतं. त्यानंतर जुनी प्रेयसी शर्ली. नेडला पाहताच ती बजावते की पैशासाठी आला असशील तर आता एक सेंटसुद्धा मिळणार नाही. ज्याचा पैसा अडकला, तो तेवढा स्पष्ट बोलतो. विस्मरणाची कथा असती तर लोकांच्या तोंडी आठवणी आल्या असत्या. इथे आकडे येतात.

‘कथा श्रेष्ठ, चित्रपट ढोबळ’ हे दुसरं पालुपद. यातलं बरंच खरं आहे. चीव्हरनं म्हणे कादंबरीसाठी जमवलेली दीडशे पानांची टिपणं आटवून ती डझनभर पानांत आणली. तीत एका दुपारी ऋतू बदलतो. पानं पिवळी पडतात, लाकडाच्या धुराचा वास येतो, आणि रात्री आकाशात देवयानी नि शर्मिष्ठा दिसतात, म्हणजे भर उन्हाळ्यात निघालेला माणूस शरदात पोचलेला असतो. चित्रपटाचं चित्रण १९६६ च्या उन्हाळ्यात, कनेटिकटमधल्या वेस्टपोर्टला झालं. पानं हिरवी ती हिरवीच राहिली. काळ सरकल्याचं दाखवायला नेड झालेल्या बर्ट लँकेस्टरचं लंगडणं, कुडकुडणं एवढंच हाताशी उरलं. कथेत नसलेली ज्युली ही तरुणी, तिच्याबरोबरच्या त्या मंद गतीतल्या उड्या, घोड्याशी लावलेली शर्यत, हे सगळं आज पाहवत नाही. मार्विन हॅम्लिशचं हे पहिलंच चित्रपटसंगीत, वय तेव्हा विशीतलं, आणि त्याला गप्प बसणं ठाऊक नव्हतं. निर्मितीतही धड काही नव्हतं. दिग्दर्शक फ्रँक पेरीच्या हातून काम गेलं, शर्लीचा प्रसंग जॅनिस रूलला घेऊन सिडनी पोलॅकनं नव्यानं चित्रित केला, आणि निर्माता सॅम स्पीगलनं आपलं नाव काढून घेतलं. शेवटच्या दिवसाच्या चित्रणाचे दहा हजार डॉलर आपण खिशातून भरले, असं लँकेस्टर पुढे सांगत असे.

एवढं मान्य करूनही ‘ढोबळ’ हा शेरा चुकीच्या जागी मारला जातो. सार्वजनिक तलावाचा प्रसंग दोन्हीकडे ताडून पाहा. कथेत हमरस्ता ओलांडून नेड लँकेस्टर गावच्या सार्वजनिक तलावावर येतो. (गावाचं नाव आणि नटाचं आडनाव एकच, हा निव्वळ योगायोग.) तिथे पाट्या आहेत: आधी शॉवर घ्या, पाय धुण्याच्या हौदातून जा, ओळखीचा बिल्ला लावा. नेडकडे बिल्ला नाही म्हणून जीवरक्षक त्याला ‘ए, बिनबिल्ल्याच्या, बाहेर हो’ म्हणून हाकलतात. चीव्हर इथे सभासदत्वाबद्दल बोलतो आहे. कोण आतला, कोण बाहेरचा. पटकथाकार एलिनर पेरीनं बिल्ला काढला आणि पन्नास सेंटांचं प्रवेशशुल्क ठेवलं. नेडच्या अंगावर चड्डीखेरीज काही नाही. चड्डीला खिसा नाही. पन्नास सेंटांसाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं. आत जाताना पाय नीट धुतले का, बोटांच्या बेचक्यांसकट, याची तपासणी होते. तलाव इतका गच्च की पोहणं अशक्य, माणसं बाजूला सारत पलीकडे जावं लागतं. आणि काठावर गाठतात ते गावातले दुकानदार, ज्यांच्याकडे मेरिलांचं खातं होतं. बाकी कधी देणार? घरून येणाऱ्या महागड्या वस्तूंच्या मागण्यांची टिंगल होते, मग मुलींची. त्या पोरी बापाला हसायच्या, हे ऐकल्यावर नेड तिथून अक्षरशः पळ काढतो.

हे कथेत नाही. कथेत अपमान करणारे बहुतेक एकतर त्याच्या वर्गाचे किंवा त्याला न ओळखणारे. चित्रपटानं वाणसामानवाला उभा केला. उपनगरी श्रीमंतीचं यंत्र कसं चालतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असतं? शेजाऱ्याला गाडी दिसते, हिरवळ दिसते, टेनिस कोर्ट दिसतं. तीन महिन्यांचं बिल थकलंय हे फक्त दुकानदाराला दिसतं, आणि तोही लगेच बोलत नाही. कारण मेरिलांसारखं गिऱ्हाईक आपल्याकडे आहे यावर त्याचंही नाव चालत असतं. उधारी देणारा आणि घेणारा दोघंही काही काळ एकाच नाटकात असतात. नाटक बंद पडतं तेव्हा सर्वात जास्त चिडतो तोही हाच, कारण त्याचं नुकसान रोख असतं.

बिस्वँगरांच्या जेवणावळीतली हॉटडॉगची गाडी हा बदलही असाच. नेडला ती ओळखू येते, ‘ही माझी आहे, माझ्या मुलींची’ म्हणून तो हट्टाला पेटतो. बिस्वँगर सांगतो की जुन्या सामानाच्या विक्रीत रीतसर विकत घेतलीय, आणि धक्काबुक्की होऊन नेड खाली पडतो. म्हणजे घरातल्या चीजवस्तू गावात केव्हाच विकल्या गेल्या आहेत, लोकांच्या अंगणात मांडल्या गेल्या आहेत, आणि मूळ मालक त्यांच्यामधून उघडा फिरतो आहे. हे ढोबळ आहे का? आहे. जप्तीचा पंचनामाही ढोबळच असतो.

रिकाम्या तलावाच्या बाबतीत मात्र चित्रपटानं काही गमावलं आणि काही कमावलं. कथेत कोरडा तलाव वेल्चर कुटुंबाचा, आणि बाहेर ‘घर विकणे आहे’ची पाटी. जमिनीत बांधलेला काँक्रीटचा तलाव कुणी हौसेनं कोरडा ठेवत नाही. आतलं पाणी हेच त्या हौदाला खाली दाबून धरणारं वजन असतं. ते काढलं आणि भोवतालच्या भूजलाची पातळी वर आली, तर खालून दाब येऊन सबंध हौद उचलला जातो किंवा तडकतो. म्हणून तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह ठेवतात, आणि कनेटिकटसारख्या थंड मुलखातही हिवाळ्याआधी पाणी भिंतीतल्या नळ्यांच्या खाली उतरवून, नळ्या फुंकून कोरड्या करून वर आच्छादन घालतात. पूर्ण उपसत नाहीत. तेव्हा ऐन उन्हाळ्यात कोरडा पडलेला तलाव पाहून त्या भागातला कुणीही समजतो की इथली देखभाल थांबली आहे. चित्रपटानं ती विक्रीची पाटी काढली आणि तलाव दिला सरबताचा स्टॉल मांडून बसलेल्या एका एकट्या पोराला. नेड त्याला कोरड्या हौदातून हात मारत पलीकडे नेतो आणि पटवतो की जोर लावून खरं मानलं तर ते आपल्यापुरतं खरं होतं. पोराला ते पटतं, आणि पाठ वळताच ते उडी मारायच्या फळीवर जाऊन उभं राहतं. नेड घाबरून परत धावतो. तळाशी पाणी नाही हे त्याला त्या क्षणी पक्कं ठाऊक असतं. वेडाचा सिद्धांत मांडणाऱ्यांनी या धावण्याचं काय करायचं ते सांगावं.

ही उधारी आली कुठून, हे चर्चेत क्वचितच येतं, आणि खरा मामला तिथेच आहे. १९३० च्या आधी अमेरिकेत घरकर्ज मिळायचं ते पाच-दहा वर्षांच्या मुदतीचं, आणि निम्मी रक्कम आधी स्वतःची घालावी लागे. १९३४ मध्ये केंद्र सरकारनं कर्जाला विमा देणारी यंत्रणा उभारली आणि मुदती लांबत पुढे तीस वर्षांपर्यंत गेल्या. १९४४ च्या कायद्यानं युद्धावरून परतलेल्यांना तर पदरचं काहीही न घालता घर मिळू लागलं. लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरांचं लेव्हिटटाउन उभं राहिलं ते याच पैशावर. विल्यम व्हाइटनं शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमधल्या तरुण जोडप्यांचा अभ्यास केला आणि १९५६ मध्ये लिहून ठेवलं की ही मंडळी व्याजाचा दर पाहतच नाहीत, महिन्याचा हप्ता बसतो का एवढंच पाहतात. शिल्लक टाकणं त्यांच्या हिशोबातच नाही. मेरिल या मंडळींच्या चार पायऱ्या वर आहेत, पण गणित तेच. वेस्टपोर्टच्या साहेबलोकांना रोज मॅनहॅटनला नेणारी न्यू हेवन रेल्वे १९६१ साली दिवाळखोरीत निघाली, आणि त्यानंतरही अनेक वर्षं गाड्या धावतच राहिल्या. तिकीट काढणाऱ्याला फलाटावरून काय कळणार?

याच वेस्टपोर्टचा एक जुना चित्रपट शेजारी ठेवला की फरक लख्ख दिसतो. ‘द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट’ (१९५६) हाही कादंबरीवरून केलेला, नायक ग्रेगरी पेक. त्यातल्या टॉम रॅथलाही पगार पुरत नाही. त्याची सुटका कशानं होते? नव्या नोकरीनं थोडी, पण खरी सुटका आजीच्या जमिनीनं. ती वारशानं मिळते, तिचे तुकडे पाडून घरं बांधायची, त्यासाठी गावच्या नियमांत बदल करून घ्यायचा, मृत्युपत्रावरून नोकराशी तंटा, मध्ये एक न्यायाधीश. सगळं कागदोपत्री. म्हणजे १९५६ सालीही सोज्वळ शेवट पगारावर करता आला नाही, त्याला आजीची जमीन लागली. बारा वर्षांनी आलेल्या नेडला आजी नाही. ‘नुसती कमाई’ या दोन शब्दांत रॅथ आणि मेरिल यांच्यातलं सारं अंतर आहे. वारशाची जमीन असलेला माणूस बुडाला तर जमिनीवर आदळतो. नेड ज्यावर उभा होता ती दरमहा येणारी पगाराची रक्कम होती.

आता समाजशास्त्रज्ञांचा आक्षेप. हर्बर्ट गॅन्स १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या, त्याच नावाच्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये घर घेऊन दोन वर्षं राहिला आणि १९६७ साली त्यानं लिहिलं की लोक तिथे बहुतांशी समाधानी आहेत. कंटाळा, एकाकीपण, एकसारखेपणा ही रड बाहेरून पाहणाऱ्या शहरी टीकाकारांची आहे. हे खरं मानायला हवं. ज्यानं भाड्याच्या दोन खोल्यांत बालपण काढलं त्याला स्वतःची हिरवळ म्हणजे भ्रम नव्हे. त्याला ती ओंजळभर का होईना, मिळालेली आहे. उपनगरांना नाकं मुरडणाऱ्या डझनावारी कादंबऱ्यांवर गॅन्सचा हा घाव बरोबर बसतो. ‘द स्विमर’वर बसत नाही, कारण हा चित्रपट समाधानाबद्दल काही बोलतच नाही. नेड सुखीच आहे! घर वाईट, शेजार वाईट, आयुष्य पोकळ असं तो एकदाही म्हणत नाही. त्याला तेच सगळं परत हवं आहे. प्रश्न एवढाच की त्याची किंमत कुणी भरली. आणि गॅन्सच्या समाधानी शेजाऱ्यांच्या यादीत कोण नव्हतं हेही पाहावं लागतं. लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गौरवर्णीयांखेरीज कुणाला राहू देऊ नये असं कलमच होतं. चित्रपटात हॅलोरनांचा कृष्णवर्णीय शोफर काही मिनिटांपुरता येतो. नेड त्याला आधीच्या शोफरच्या नावानं हाक मारतो, मोठ्या आपुलकीनं. त्या वस्तीत कृष्णवर्णीयाला प्रवेश कुठल्या दारानं आहे, हे पटकथेनं एवढ्यात सांगून टाकलं आहे.

न्यू जर्सी-कनेटिकटच्या याच पट्ट्यात आज कितीतरी मराठी कुटुंबं राहतात, आणि पुण्याच्या आसपास नव्या संकुलाची जाहिरात निळ्या तलावाच्या चित्राशिवाय होत नाही. त्यांनी हा चित्रपट ‘पैशानं सुख मिळत नाही’ छापाचा बोध म्हणून पाहू नये. तो बोध त्यात नाही. हप्ता बसतो म्हणजे घर आपलं, हा हिशोब मात्र त्यात पदोपदी तपासला जातो.

चित्रपटावर आक्षेप घ्यायचाच तर तो दुसराच आहे. नेडला भेटणारे सगळे घेणेकरी किरकोळ आहेत: वाणी, शेजारी, प्रेयसी. ज्यानं घर घेतलं तो कुठेच भेटत नाही. लुसिंडा पडद्यावर येत नाही, नोकरी कशी गेली ते कळत नाही, बँकेचं नावही निघत नाही. रॅथच्या चित्रपटात होते ते न्यायाधीश, कागद, गावचे नियम इथे गायब आहेत, त्यामुळे नेडचा बोजवारा शेजाऱ्यांच्या कोतेपणानं आणि त्याच्या स्वतःच्या गर्वानं झाला असं वाटायला जागा राहते. आणि सामग्री तर जागेवर होती. चित्रण जिथे झालं त्या कनेटिकटमध्ये थकलेल्या घरकर्जाची एक खास रीत आहे. न्यायालय एक तारीख ठरवून देतं, त्या दिवसापर्यंत ऋणकोनं रक्कम भरली नाही तर लिलाव न होता घराची मालकी सरळ सावकाराकडे जाते. ना बोली, ना गर्दी, ना अंगणात हातोडा. घराची मालकी बदललेली असते आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. नेडच्या रविवारला या तारखेचा एक प्रसंग जोडला असता, तर वेड की स्वप्न हा वाद अर्ध्या शतकाहून जास्त चालायचं कारणच उरलं नसतं.